सेवेनच्या डोंगरवाटा : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात दक्षिण फ्रान्समधल्या सेवेन डोंगरांतल्या पळण्याच्या वाटांबद्दल चार ओळी लिहिल्या, तर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवून दिला. सगळ्यांना स्वतंत्र उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नीम किंवा मोंपेलिये शहर मागे टाकून उत्तरेला निघालं की दीडेक तासात हे डोंगर लागतात. १९७० पासून इथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०११ साली युनेस्कोने सेवेन आणि शेजारची चुनखडीची पठारं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, तीही इथल्या मेंढपाळीसाठी. म्हणजे उद्यान असलं तरी आत गावं आहेत, शेळ्यामेंढ्या चरतात, लोक चेस्टनट आणि कांदा पिकवतात. यातला बराचसा भाग लोझेर जिल्ह्यात येतो. फ्रान्समधला हा सगळ्यात कमी वस्तीचा जिल्हा. अख्ख्या जिल्ह्यात ऐंशी हजार माणसंसुद्धा नाहीत. मी मूळची वाईची, संसार मोंपेलियेत, आणि शनिवार-रविवारी घरचे मला घरी शोधत नाहीत.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये नेमाने धावतो. एकवीस किलोमीटर सव्वादोन तासांत होतात. वय ५४. मे महिन्यात मुलीकडे मोंपेलियेला येतोय. रोज वीस किलोमीटर याप्रमाणे आठवडाभर पळायचा बेत आहे. कुठल्या वाटा धरू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : यवतेश्वरचा घाट पळणाऱ्याला मी चढाची भीती काय घालणार! पण यवतेश्वरला पायाखाली डांबर असतं आणि चढाला एक लय असते. सेवेनमध्ये या दोन्ही गोष्टी विसरा. तिथे ‘वीस किलोमीटर’ या आकड्यावरून काहीच कळत नाही. इथले डोंगरात पळणारे लोक एक सोपा हिशेब करतात: शंभर मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर जास्तीचा. वीस किलोमीटरच्या वाटेत बाराशे मीटर चढ असेल तर ती बत्तीसची धरायची. अशी रोज एक पळालात तर तिसऱ्या दिवशी जिना उतरताना लेकीचा खांदा धरावा लागेल. एक दिवस आड पळा. मधल्या दिवशी तिच्याबरोबर बाजारात जा. मेच्या अखेरीला चेरी येते.

दुसरं, वाट निवडताना आधी दगड बघा. सेवेनमध्ये तीन प्रकारचे दगड आहेत आणि पळणं तिन्हींवर वेगळं.

वालरोग, सें जेर्मां द काल्बेर्त, फ्लोराकच्या दक्षिणेची बहुतेक खोरी शिस्टची. करडा, थराथरांचा, उन्हात चकाकणारा दगड. घरं त्याची, छपरं त्याची, उतारावरच्या शेतांचे बांध त्याचेच. जुन्या खेचरवाटाही याच दगडाने फरसबंद केलेल्या आहेत, पण आपल्याकडे फरशी पसरतात तशा नाही. पातळ पाट्या कडेवर उभ्या करून एकमेकींना घट्ट खेटून ठोकलेल्या असतात. वर दिसतात त्या फक्त त्यांच्या कडा. आणि दर पंधरा-वीस पावलांवर वाटेला तिरकी छेदणारी एक ओळ थोडी वर उचललेली असते. पावसाचं पाणी वाटेवरून धावत सुटू नये, बाजूला दरीत जावं म्हणून. पळताना नजर या ओळीवर ठेवायची, नाहीतर बुटाचं नाक तिथेच अडकतं. कोरड्या हवेत या वाटेवर पाऊल इतकं घट्ट बसतं की उतारावरही बिनधास्त सुटता येतं. पाऊस पडून गेला की त्याच वाटेवर चालत उतरायचं, मग तुमची वेळ कितीही छान असो.

मों लोझेर हा ग्रॅनाइटचा डोंगर. माथा, म्हणजे पिक द फिनिएल, १६९९ मीटर. वर झाडं फारशी नाहीत. गवत, गोल गोल शिळा, आणि ग्रॅनाइट झिजून झालेली जाडसर रव्यासारखी वाळू. पळण्यासाठी माझ्या मते सेवेनमधली सगळ्यात सुखाची जमीन हीच. पाऊल रुततही नाही आणि आपटतही नाही.

तिसरी पठारं. फ्रेंचमध्ये त्यांना कोस म्हणतात. आपल्याला हवं ते कोस मेजाँ, साधारण हजार मीटर उंचीवरचं. तुम्हाला कास पठार घरचं. तिथल्या जांभ्यावर पावसाळ्यात पाणी साचतं, डबकी होतात. इथे चुनखडी, त्यामुळे पडलेला पाऊस थेट भेगांतून खाली उतरतो आणि पाचशे मीटर खाली तार्न नदीच्या काठाला झरा होऊन बाहेर येतो. वर ओढा नाही, विहीर नाही. पळायला पठार सोपं, गाडीवाटेने सपाट जाता येतं. त्रास होतो तो पठारावरून नदीच्या घळीत उतरताना: सुटी खडी, उभा उतार, आणि चौपन्न वर्षांचे गुडघे.

तेव्हा सुरुवात कोस मेजाँवरच्या नीम ल व्यो इथल्या फेरीने करा. डोलोमाइटच्या खडकांची झीज होऊन पडक्या शहरासारखी रचना तयार झालीय, त्यातून छोटी वाट फिरते. मेअखेर-जूनमध्ये तिथे पिसासारखं पांढरं गवत फुलतं. मग एक दिवस मों लोझेर, मास कामार्गच्या जुन्या ग्रॅनाइटच्या शेतघराभोवतीचा परिसर. आणि पाय तयार झाले की शेवटी वालरोगहून मों एग्वाल. या वाटेला ‘चार हजार पायऱ्या’ असं नाव आहे, पण मोजायला जाऊ नका, बांधलेल्या पायऱ्या तिथे जवळजवळ नाहीतच. गाव साडेतीनशे मीटरवर, माथा १५६५ वर. सिंहगडाच्या चढाच्या जवळपास दुप्पट, एका दमात. खाली चेस्टनट, मग पिवळी झुडपं, मग बीचचं दाट रान. हे वरचं रान माणसाने लावलेलं आहे बरं का. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांनी आणि कुऱ्हाडींनी एग्वाल बोडका केला, दर पावसाळ्यात माती वाहून खालची गावं बुडायची. तेव्हा जॉर्ज फाब्र नावाच्या वनाधिकाऱ्याने हयात घालवून तो पुन्हा हिरवा केला. माथ्यावर १८९४ सालची दगडी वेधशाळा आहे. हवामान खात्याची माणसं २०२३ मध्ये तिथून उतरली. आता तिथे हवामानबदलावरचं प्रदर्शन आहे. वर वर्षातले दोनशे चाळीसच्या आसपास दिवस धुकं असतं. तेव्हा भूमध्य समुद्र दिसला नाही तर मला पत्र लिहू नका.

प्रश्न : ताई, मी लियोंला शिकते. गाडी नाही, पैसे बेताचे. सेवेनला जायला गाडी लागतेच असं सगळे म्हणतात. खरं का?
– एक विद्यार्थिनी, लियों

उत्तर : सगळे म्हणतात कारण सगळ्यांकडे गाडी आहे. तुझ्यासाठी आगगाडी आहे, आणि ती स्वतःच बघण्यासारखी आहे. लियोंहून नीमला ये. नीमहून आलेसमार्गे क्लेर्मों फेराँला जाणारी जी रेल्वे आहे तिला ‘सेवेनोल’ म्हणतात. हा लोहमार्ग १८७० मध्ये पुरा झाला, त्यावर शंभराहून जास्त बोगदे आहेत. कर्जत-लोणावळ्याच्या घाटात दारात उभी राहून वाढलेल्या मुलीला जास्त सांगायला नको. दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात, तेव्हा परतीची गाडी आधी बघ, मग वाट ठरव.

विल्फोरला उतर. तिथून रेगोर्दान नावाची जुनी व्यापारी वाट जाते; आज तिला जीआर ७०० हा क्रमांक आहे (जीआर म्हणजे लांब पल्ल्याची खुणा केलेली पायवाट). मध्ययुगात तिच्यावरून मीठ, तेल, दारू खेचरांवर आणि गाड्यांवर लादून डोंगरापार जायचं. विल्फोरहून उत्तरेला चढत गेलीस की ला गार्द गेराँ हे तटबंदीचं दगडी गाव लागतं. वाटेत उघड्या खडकात चाकोऱ्या दिसतील, शेकडो वर्षं गाड्या जाऊन पडलेल्या. त्यात एकदा तरी बूट घालून बघ. गावाच्या कडेला शासझाक नदीची घळ आहे. तिथे भाकरतुकडा काढायला हरकत नाही, पण कठड्यापासून लांब बस. परत विल्फोरला उतरलीस की खाली धरणाचं पाणी आहे, उन्हाळ्यात पोहण्याची जागा राखलेली असते. एका दिवसात होतं.

मुक्काम करायचा तर हॉटेल नको. ‘झीत देताप’ म्हणजे वाटसरूंसाठीची घरं गावोगाव आहेत, डॉर्मिटरीतला पलंग बराच स्वस्त पडतो आणि बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर वापरायला मिळतं. मसाल्याची पुडी आणि वाटीभर तांदूळ बरोबर ठेव. एकदा वांगीभाताच्या वासाने डॉर्मिटरीतले सगळे जण पातेल्याभोवती जमलेले मी पाहिलेत.

प्रश्न : एकट्या बाईने या वाटांवर पळणं सुरक्षित आहे का? आणि कुत्र्यांचं काय? मला नाशिकमध्येही कुत्र्यांचीच भीती वाटते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : माणसांची भीती मला इथे वाटलेली नाही. तासन् तास कुणी भेटतच नाही, आणि भेटलंच तर ते ‘बोंझूर’ म्हणून हवापाण्याचं विचारतं. काळजी घ्यायची ती तीन गोष्टींची, आणि कुत्रा त्यातला एक, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

लांडगे या भागात परतलेत, म्हणून मेंढपाळ कळपात ‘पातू’ ठेवतात: पांढरे, केसाळ, वासरासारखे थोराड राखणदार कुत्रे. ते मेंढ्यांमध्येच वाढतात आणि कळप हेच आपलं कुटुंब समजतात. तुम्ही पळत आलात की त्यांच्या लेखी तुम्ही धोका. कळप दिसला की पळणं तिथेच थांबवा. कळपाला लांबून वळसा घाला, मधून जाऊ नका. पातू भुंकत आलाच तर उभ्या राहा, हात खाली, काठी वर करायची नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. शांत आवाजात काहीतरी बोला, मराठीत चालतं. तो हुंगेल, खात्री करून घेईल आणि परत जाईल. मग चालत पुढे व्हा. कळप नजरेआड होईपर्यंत पळू नका. हे वाचायला सोपं, करायला अवघड. पण नाशिकच्या भटक्या कुत्र्यांपेक्षा पातूचं एक बरं, त्याला नेमकं काय हवंय ते आपल्याला माहीत असतं.

दुसरे शिकारी. साधारण उन्हाळ्याच्या अखेरीपासून हिवाळा संपेपर्यंत रानडुकरांची शिकार चालते, हाका घालून. रस्त्याच्या कडेला फलक लावलेले असतात. या दिवसांत भडक नारिंगी काहीतरी अंगात हवंच, आणि बंदुकांचे आवाज एका उतारावर ऐकू आले तर सरळ दुसरी बाजू धरायची. इथल्या लोकांशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शिकार हा त्यांच्या गावजीवनाचा भाग आहे, आणि पाहुणे आपण आहोत.

तिसरं हवामान, खरा धोका तोच. उन्हाळ्यात दुपारनंतर मों लोझेरवर विजा कडाडतात आणि उघड्या माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता. बारापर्यंत खाली या. शरदात निराळंच. सह्याद्री जसा अरबी समुद्राकडून आलेले ढग अडवतो, तसे सेवेनचे डोंगर भूमध्य समुद्रावरून येणारी दमट गरम हवा अडवतात; फक्त आपल्याकडे चार महिन्यांत विभागून पडतं ते इथे कधी कधी एका दिवसात कोसळतं. २०२० च्या सप्टेंबरात वालरोगच्या खोऱ्यात एका दिवसात सहाशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. आदल्या संध्याकाळी फ्रेंच हवामान खात्याचा धोक्याचे इशारे देणारा रंगीत नकाशा बघायचाच. जिल्हा नारिंगी दिसला तर बूट काढून ठेवा. आणि घळीतून, ओढ्याच्या पात्रातून जाणारी वाट तर पिवळ्या रंगालाही नको.

फोनला खोऱ्यांत रेंज नसते. निघताना मुक्कामाच्या ठिकाणी वाट आणि परतायची वेळ सांगून जा. मदतीचा क्रमांक ११२.

प्रश्न : यजमान पक्के शाकाहारी. अंडंही नाही. उपाशी राहावं लागेल का? पाण्याचं काय करायचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : उपाशी नाही, पण लाजून चालणार नाही. झीतमध्ये रात्रीचं जेवण सगळ्यांना एकत्र, एका वेळी, जे शिजलंय तेच. म्हणून खोली ठरवतानाच शाकाहारी आहोत आणि अंडं, मासे, मांस यांतलं काही चालत नाही हे यादी करून सांगा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर ऑम्लेट येतं.

चेस्टनट मात्र मनसोक्त खा. शतकानुशतकं इथल्या गरिबांचं पोट त्यावरच भरलं, झाडाला ‘भाकरीचं झाड’ असंच म्हणतात. वाटेवर रानात जी दुमजली दगडी खोपटी दिसतात ती फळं सुकवायची: वर जाळीदार तक्त्यांवर चेस्टनट पसरायचे आणि खाली आठवडेच्या आठवडे मंद धुमी ठेवायची. पिठाची बिस्किटं, गोड लगदा, सूप, सगळं मिळतं. पळणाऱ्याला लगद्याची ट्यूब खिशात ठेवायला उत्तम. मला पळणाऱ्यांच्या एनर्जी जेलपेक्षा तीच झेपते. उतारावरच्या बांधांवर पिकणारा सेवेनचा गोड कांदा कच्चा खाता येतो. पेलार्दों हे शेळीच्या दुधाचं छोटं चीज प्रसिद्ध आहे, पण यजमान पक्के असतील तर सांगते: इथल्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला बहुधा वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं रेनेट वापरतात. सांगणं माझं काम, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

पाण्याचं सोपं आहे. गावातल्या कारंज्यांवर पाटी असते. ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं, मध्ये ‘नों’ दिसलं की नाही. पठारावर जाताना माणशी दीड-दोन लिटर खालूनच न्या. मेंढ्यांसाठी दगडी टाकी असतात, ती मेंढ्यांनाच राहू द्या. दुकानं दुपारी बंद असतात, कित्येक गावांत सोमवारी दिवसभर. भूक लागल्यावर दुकान शोधणं हा इथे बेत होऊ शकत नाही.

प्रश्न : स्टीव्हन्सन गाढव घेऊन चालला तो रस्ता म्हणे पळत करता येतो. किती दिवस लागतील?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ च्या शरदात मोदेस्तीन नावाच्या गाढविणीला घेऊन ल मोनास्तिएहून सें झाँ द्यु गारपर्यंत बारा दिवसांत गेला. आज त्या वाटेला जीआर ७० म्हणतात आणि ल प्वी ते आलेस अशी वाढवून ती २७० किलोमीटरच्या आसपास झालीय. सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या गाड्या मिळतात, गाढवंही भाड्याने मिळतात. पळत किती दिवस, हे तुमच्या पायांना विचारा; मला तो प्रश्नच आवडत नाही. सबंध वाट ‘करून टाकण्या’पेक्षा त्यातला एक तुकडा नीट करा. कुठला ते सांगते.

ल ब्लेमारहून मों लोझेर ओलांडून ल पों द मोंव्हेरला उतरा. अठरा-एकोणीस किलोमीटर. वर रान संपलं की उघड्या गवतात ग्रॅनाइटचे उभे खांब सुरू होतात, कमरेएवढे, काही त्याहून उंच. मेंढ्यांच्या कळपांची जुनी वाट दाखवायला रोवलेले. इथून उन्हाळ्याच्या तोंडाला खालच्या गावांतून हजारो मेंढ्या वर चरायला येत, अजूनही काही कळप चालत येतात. हिवाळ्यात बर्फाने वाट बुजली की एक खांब दुसऱ्यापर्यंत नेतो. डोंगराच्या कुशीतल्या काही वाड्यांत तर नुसत्या वादळासाठी बांधलेले घंटेचे मनोरे आहेत: बर्फाच्या वावटळीत कुणी अडकलं असेल तर त्याला दिशा कळावी म्हणून तासन् तास घंटा वाजवत. पिक द फिनिएलवर वारा असतोच. जाकीट चढताना घाला, पोहोचल्यावर नाही. मेमध्ये उतारांवर रानटी पिवळे नार्सिसस, जूनमध्ये पिवळी झुडपं, ऑगस्टमध्ये जांभळा हीदर. उतार लांबलचक आणि सौम्य. खाली तार्न नदीवरचा कमानीचा पूल दिसला की पोहोचलात.

पुलाशी थांबा. मराठी माणसाने थांबण्यासारखी ती जागा आहे. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. सेवेनचे शेतकरी-विणकर रात्री रानात लपून प्रार्थनेला जमू लागले. शाय्ला नावाचा धर्मगुरू पकडलेल्यांना या गावातल्या घरात डांबून छळत असे. २४ जुलै १७०२ च्या रात्री लोकांनी ते घर फोडून कैदी सोडवले आणि त्याला ठार केलं. तिथून कामिझारांचा, म्हणजे या प्रोटेस्टंट बंडखोरांचा, उठाव पेटला. दोन वर्षं ही शे-दोनशेची टोळकी राजाच्या फौजेला याच वाटांवरून झुलवत राहिली. अचानक हल्ला, लगेच पांगापांग, आणि दाणागोटा गावकऱ्यांकडून. गनिमी कावा म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. फौजेला तोफा नेता याव्यात म्हणून राजाच्या अधिकाऱ्याने डोंगरांतून रुंद रस्ते खोदले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा १७०३ मध्ये शेकडो वाड्या जाळल्या. वाटेत ओसाड जोती दिसतात. ती सगळी काही तेव्हाचीच नव्हेत; विसाव्या शतकात लोक खाणींकडे आणि शहरांकडे गेले त्यानेही निम्मा डोंगर रिकामा झाला.

प्रश्न : आम्ही दोघं पक्षी बघणारे, मुलगा पळणारा. तिघांना चालेल अशी जागा सांगा.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ल रोझिए. तार्न आणि झोंत नद्यांच्या संगमावरचं गाव. इथून कोस मेजाँच्या कड्यांवर वाट चढते, काप्ल्यूकच्या सुळक्याला लोखंडी शिड्या आहेत आणि पुढे झोंतच्या घळीवरून कड्याकड्याने ती जाते. मुलाला चढ पळू दे, कड्याची वाट मात्र चालत. अरुंद आहे, एका बाजूला काही नाही.

तुम्ही दोघं दुर्बीण घेऊन कड्याच्या वाटेवरच्या, फुलदाणीच्या आकाराच्या दुसऱ्या सुळक्याजवळ बसा. दहा-अकराच्या सुमाराला हवा तापली की गिधाडं उठतात, आणि ती तुमच्या डोक्यावर नसतात, पायांखाली असतात. वरून बघितलेलं गिधाड वेगळंच दिसतं: पाठीचा रंग फिकट बदामी, पंखांची पिसं गडद, मानेभोवती पांढरी झालर. पंखांचा पसारा अडीच मीटरहून जास्त. घळीतून गोल गोल फिरत ते तुमच्या नजरेच्या पातळीला येतं, एकही पंख न हलवता, आणि जवळून जाताना पिसांतून वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. मग वर निघून जातं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही गिधाडं इथून पार संपली होती, बंदुका आणि विष यांनी. १९८१ पासून पिंजऱ्यांत वाढवलेली पाखरं सोडायला सुरुवात केली आणि आज शेकडो जोड्या आहेत. मेलेली मेंढी शेतकरी ठरलेल्या जागी ठेवतात, गिधाडं साफ करतात, दोघांचंही काम होतं. आपल्याकडे नेमकं उलटं घडलं: जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली, आणि २००६ मध्ये त्या औषधावर बंदी येईपर्यंत आभाळ रिकामं झालं होतं. रायगडात फणसाड, म्हसळा बाजूला जे लोक उरलेल्यांसाठी धडपडतात, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी झोंतच्या घळीत एकदा यावं.

प्रश्न : एवढा सह्याद्री असताना फ्रान्सला पळायला कशाला जायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जाऊ नका. तिकिटाचे पैसे वाचतील. पण तिथून एक गोष्ट मात्र आपण उचलावी असं मला वाटतं, ती म्हणजे वाटांच्या खुणा. लांबच्या वाटेला पांढरा-तांबडा पट्टा, गावाभोवतीच्या फेरीला पिवळा, चुकीच्या फाट्यावर फुली. झाडावर, दगडावर, खांबावर, तळहाताएवढीच खूण, आणि ती रंगवणारे बहुतेक हौशी स्वयंसेवक असतात. आपल्याकडे गडावर जाणाऱ्या वाटेवर बाण शोधायचा तर आधी प्रेमिकांची नावं वाचावी लागतात.

प्रश्न : ‘तेंप्लिए’ची शर्यत आम्हा सह्याद्रीत पळणाऱ्यांना जमेल का?
– धावपटूंचा एक गट, नवी मुंबई

उत्तर : जमेल. १९९५ पासून चालणारी, फ्रान्समधल्या जुन्या ट्रेल शर्यतींपैकी ही एक. ऑक्टोबरात मियो गावी भरते, मुख्य शर्यत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. सुरुवात काळोखात, हेडलँप लावून, गार हवेत. तुमचं घाम गाळायचं कौशल्य तिथे कामी येणार नाही, हातमोजे येतील. चुनखडीच्या उभ्या उतारांचा सराव करून या, शेवटी मियोच्या डोक्यावरचा चढ-उतार पाय आधीच संपलेल्या माणसाची परीक्षा बघतो. जागा लवकर भरतात आणि आरोग्याबाबत फ्रेंच संघटनेची अट असते, ती नोंदणीआधी वाचा. पहिल्याच वर्षी ऐंशी नको. त्याच दिवसांत छोट्या शर्यतीही असतात.

प्रश्न : ट्रेलचे वेगळे बूट लागतातच का? आणि नकाशा मोबाइलवर चालेल ना?
– बऱ्याच वाचकांचा प्रश्न

उत्तर : लागतात. तळाला दात हवेत आणि पुढे बोटांना जाड कड हवी, चुनखडीसाठी. नवेकोरे घालून येऊ नका, निदान दोन पावसाळी ट्रेक त्यांच्यावर काढा. काठ्या चढाला उपयोगी, मात्र शिड्यांच्या वाटेवर त्या पाठीला बांधता यायला हव्यात.

नकाशा मोबाइलवर चालतो, घरून उतरवून घेतला असेल तर. तरी फ्रेंच सर्वेक्षण संस्थेचा १:२५,००० चा कागदी नकाशा घ्याच. त्यात कुंपणाची छोटी दारंसुद्धा कुठे असतील याचा अंदाज येतो. दार उघडलंत तर मागे लावून घ्या, मेंढ्या बाहेर पडल्या की मेंढपाळाचा दिवस जातो. नकाशे आणि फेऱ्यांच्या पुस्तिका फ्लोराकला मिळतात. उद्यानाचं कार्यालय तिथल्या जुन्या गढीत आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, दार बंद असेल.